साहेबांच्या थडग्यांची बाग

पोलादपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला महाड गाव संपतं, तिथे थोडा चढ लागतो. त्या चढावर एक बाग होती. बाग म्हणायची म्हणून बाग. चार बाक, मोजकी झाडं, मधून तांबड्या मातीची वाट आणि एका बाजूला कारंजं, तेही वर्षातून चार दिवस उडायचं. त्याआधी ती साहेबांच्या थडग्यांची जागा होती. त्या बागेची गोष्ट मी आजवर कुणाला पुरती सांगितली नाही, आता सांगते, आणि आडपडदा न ठेवता सांगते. माझी पहिली लेक तिथे आहे.

अकरा आठवड्यांची होती. बारसं झालं होतं, नावही ठेवलं होतं. ते नाव मी कुणाला सांगत नाही, ते माझ्यापाशी राहू दे. श्रावणात तिला डबा झाला, छाती भरली. दोन दिवस छाती नुसती वरखाली होत होती, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मांडीवरच ती गप्प झाली. दात न आलेल्या लेकराला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. पुरायला पुरुष नेतात. आणि जागा आईला सांगत नाहीत. सांगितली तर आईचं मन तिथे अडकतं, तिची पावलं तिकडे वळतात आणि पुढचं मूल पोटात राहत नाही, असं सासू म्हणायची, माझी आई म्हणायची, शेजारपाजारच्या सगळ्या म्हणायच्या. हे कुणी ठरवलं कोण जाणे. लेकरू गेलेल्या बाईने तर नक्कीच ठरवलं नसणार.

आमच्या ह्यांनी तिला माझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं, छातीशी धरलं आणि भर पावसात ते एकटेच बाहेर पडले. दुपार कलल्यावर परत आले ते गुडघ्यापर्यंत चिखलात. मी विचारलं, "कुटं ठेवलीत?"

"ठेवली," म्हणाले.

बस्स, इतकंच. सात वर्षं मी तो एकच प्रश्न विचारला आणि सात वर्षं त्यांनी ते एकच उत्तर दिलं. मी भांडून विचारलं, गोडीत विचारलं, ते आजारी पडले तेव्हा तापात विचारलं. एकदा भाकरी थापता थापता विचारलं आणि उत्तर मिळालं नाही म्हणून ती भाकरी मुद्दाम करपवली, कोळसा केला अगदी, आणि तीच ताटात वाढली. त्यांनी मुकाट्याने खाल्ली, वर पाणी प्यायले आणि कामाला गेले. असल्या माणसाशी भांडणार तरी कसं, सांगा!

गावातली लेकरं नदीकाठच्या करंजाच्या झाडांखाली ठेवतात हे मला ऐकून ठाऊक होतं. म्हणून धुणं घेऊन मी मुद्दाम तिकडच्या पाणवठ्यावर जायची. कुठलं झाड ते कळायला मार्ग नव्हता, तेव्हा सगळ्याच झाडांकडे बघायची. करंजाला फुलं आली की खाली सडा पडायचा, तेव्हा बरं वाटायचं. निदान वरून फुलं तरी पडतात पोरीवर, म्हणायची मी मनात. सात वर्षं भलत्याच झाडांकडे बघत होते, हे मला काय ठाऊक!

तेव्हा आम्ही बाजाराच्या मागच्या गल्लीत एका खोलीत राहत होतो. माझं माहेर पोलादपूरच्या वर डोंगरात, सासर वरंधकडच्या एका वाडीत. आमचे हे मिसरूड फुटायच्या आधीच मुंबईला गेले होते. भाऊबंद गिरणीत लागले, हे मात्र एका शेठच्या बंगल्यावर माळीकाम शिकले. दहा वर्षांनी परत आले आणि महाडच्या म्युनिसिपालिटीत माळी म्हणून लागले. येताना मुंबईहून एक कात्री आणि तोंडभर इंग्रजी शब्द घेऊन आले होते. आमच्या अंगणात ना झाड ना पान, पण ह्यांच्या तोंडी लॉन काय, कटिंग काय, 'लाइनीत पायजे' काय! चार दाणे कोथिंबीर पेरायची तरी दोन खुंट्या ठोकून दोरी बांधायचे. मी हसायची. म्हणायची, "कोथिंबिरीला मोजणीदार लागतो का वो?" तेही हसायचे, पण दोरी सोडायचे नाहीत.

साहेबांची थडगी त्या काळी सगळ्या गावाला ठाऊक होती आणि आत कुणी जात नव्हतं. कुठल्या जुन्या काळी कंपनी सरकारचे गोरे इथे येऊन राहिले, तापाने गेले, त्यांची सात-आठ थडगी होती. भोवती दगडी गडगा, जागोजागी ढासळलेला. आत घाणेरी माजलेली, मधोमध एक जांभूळ. शेळ्या शिरायच्या त्या शिरायच्या, माणूस नाही. संध्याकाळी त्या चढावरून जाताना बाया पदर तोंडावर घेऊन भराभरा चालायच्या. मीही चालले आहे, कितीतरी वेळा.

मग म्युनिसिपालिटीने ती जागा मागून घेतली. अध्यक्ष एक वकील होते, त्यांना गावात बाग हवी होती. मुंबईहून एक पाद्रीसाहेब आले, त्यांनी पुस्तकातून काहीतरी वाचलं आणि कागदावर सही दिली. थडग्यांचे दगड उचलून गडग्याच्या कडेने नीट उभे करायचे, आतली जमीन सारखी करायची आणि बाग करायची, असं ठरलं. आमच्या ह्यांना आनंद व्हायला हवा होता. इतकी वर्षं कचेरीपुढच्या चार कुंड्यांना पाणी घालत होते, आता हातात अख्खी बाग येत होती. पण त्या दिवसापासून त्यांचं तोंड उतरलं. मला वाटलं थडग्यांना भ्याले. चिडवलंसुद्धा मी त्यांना. "गोरं भूत लागलं तर इंग्रजीत बोला त्याच्याशी, तुम्हाला येतं की," म्हटलं. हसले नाहीत.

महिनाभर काम चाललं. एक दिवस दुपारी जेवायला आले, हातपाय धुतले आणि ताटाशी नुसते बसून राहिले.

"काय झालं?"

"काय नाय."

"काय नाय तर भाकरी का नाय जात घशाखाली?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पुन्हा ताटात ठेवला. मग म्हणाले, "कारंजं करनार हायत. आज चुना टाकून गोल आखला. माणूसभर खोल हौद खणायचा हाय परवापासून."

"मग खणू देत की. कारंज्यानं तुमचं काय घोडं मारलंय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ताटाकडे बघत म्हणाले, "ती तितं हाय गो."

कोण, असं मी विचारलं नाही. हातातलं उलथणं खाली ठेवलं आणि मीही तिथेच चुलीपुढे बसले. मला काय काय वाटलं ते एका दमात सांगता येणार नाही. आनंद झाला, हो, आनंदच झाला आधी. सात वर्षांनी माझ्या पोरीचा ठावठिकाणा मला कळला होता. आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेबांच्या थडग्यांत? तिथं नेऊन टाकलीत? आपल्यातलं कुणी नाय, कुणाचं नाव नाय, गाव नाय, तिथं?"

"टाकली नाय," ते म्हणाले. "ठेवली."

मग पहिल्यांदा त्यांनी सगळं सांगितलं. त्या दिवशी सावित्री आणि गांधारी दोन्ही फुगल्या होत्या. बाजारपेठेत पाणी, होड्या चालत होत्या. करंजाच्या झाडांचे नुसते शेंडे वर दिसत होते. तिला घेऊन ते नदीकडे गेले तर वाटच नव्हती. मागे फिरले, वेशीकडे गेले, तिकडेही पाणी. पोरगी भिजत होती. मेलेल्या लेकराला पावसाचं काय, पण ते म्हणाले, "ती भिजत व्हती, मला बघवं ना." मग जिकडे चढ दिसला तिकडे चालत राहिले. चढावर गाव संपत होतं आणि कोरडी जमीन तेवढीच होती, गडग्याच्या आतली. आत शिरले. थडगी सगळी मोठाली, पण त्यांत एक दगड पाटीएवढा होता. त्यावर शेळीचं पिल्लू कोरलेलं. मुंबईला शेठच्या बंगल्याजवळ गोऱ्यांची अशी जागा होती, तिथे त्यांनी तसलं पिल्लू बघितलं होतं. तिथल्या माळ्याने सांगितलं होतं, हे लहान लेकराचं असतं.

"म्हटलं, एकटी नको ऱ्हायला," ते म्हणाले. "कुनाचं का असंना, लेकरूच हाय. त्येच्या बाजूला ठेवली."

इतकी वर्षं मी ह्या माणसाला दगड म्हणत आले होते. तोंडावर म्हणाले होते, दहादा. त्या दुपारी मी त्यांच्या ताटातली भाकरी मोडून दुधात कुस्करली आणि त्यांच्यापुढे सरकवली, आणि आम्ही दोघंही रडलो.

दुसऱ्या दिवशी मी भाकरी घेऊन तिकडे गेले. नको येऊ म्हणाले होते, पण आता मी ऐकणार होते होय! आत बारा-पंधरा मजूर काम करत होते. घाणेरी गेली होती, जांभूळ गेलं होतं, सगळी जमीन सारखी केलेली. थडग्यांचे दगड गडग्याला टेकवून ओळीने लावलेले, त्यात तो पिल्लाचा दगडही होता. मधे चुन्याचा पांढरा गोल. ह्यांनी नुसती हनवटी हलवून दाखवलं, गोलाच्या आत, जरा डावीकडे. मी फडकं सोडायच्या निमित्ताने तिथे बसले आणि जमिनीवर तळवा टेकवला. उन्हाने माती चांगलीच तापली होती. लोक होते, म्हणून मोठ्याने काही बोलता येत नव्हतं. मनातच म्हटलं, बाय माझी, आई आली हो. उशीर झाला आईला.

परत निघताना मी ह्यांना म्हटलं, "इथं कुदळ पडता कामा नये."

"मी काय करू? नकाशा वरून आलाय."

"सांगा त्यांना."

"काय सांगू? गोऱ्यांच्या जागेत न विचारता पोर पुरली म्हनून? नोकरी जाईल. भावकीत कळलं तर भावकी वेगळीच बोलंल. तू तोंड उघडू नको, तुला शपथ हाय."

शपथ मी घेतली नव्हती, त्यांनी घातली होती. तेव्हा मी सरळ अध्यक्षांच्या घरी गेले.

वकीलसाहेब ओसरीवर कागद घेऊन बसले होते. आधी अशिलाची बायको समजून बस म्हणाले. मी उभीच राहिले आणि जे होतं ते सांगून टाकलं. त्यांनी मला कोर्टातल्यासारखे प्रश्न विचारले.

"तू स्वतः पाहिलंस?"

"मी कशी बघणार, साहेब? आईला नेतात का?"

"मग तुला कसं माहीत?"

"नवऱ्याने सांगितलं."

"त्याने तेव्हा परवानगी घेतली होती कुणाची?"

"परवानगी कुणाकडे मागायची होती?" मी म्हटलं. "त्या दिवशी तुमच्या कचेरीत कमरेएवढं पाणी होतं. सगळे कारकून पोटमाळ्यावर बसले होते."

ते हसले. हसू आवरायचा प्रयत्न केला, पण आलंच. मग चष्मा काढून पंच्याने पुसत बसले. आतल्या दाराशी त्यांची बायको उभी होती, ती सगळं ऐकत होती. ती तिथून हलली नाही. त्या काळी अशी बाई शोधून सापडली नसती जिचं एखादं लेकरू गेलं नव्हतं, आणि गेलेल्या लेकराची जागा तर कुणालाच ठाऊक नव्हती. वकीलसाहेबांनी एकदा तिच्याकडे बघितलं.

"हे बघ," ते मला म्हणाले, "कारंजं मला हवंच आहे. त्याचे पाइप येऊन पडलेत. तिथे नको तर दुसऱ्या बाजूला घेऊ, रस्त्याकडे. नकाशात मी लिहून देतो. पण हे एकदाच. उद्या पुन्हा येऊन इथे नाही, तिथे होती असं म्हणालीस तर मी ऐकणार नाही. जागा नक्की तीच ना?"

"नक्की," मी म्हटलं. "चुन्याच्या रेघेच्या आत, डावीकडे."

"मग जा. आणि कुणाला बोलू नकोस, नवऱ्यालाही तसंच सांग. बागेत लोक यायला हवेत मला."

मी तिथून जवळजवळ धावतच बागेकडे गेले. ह्यांना बाजूला बोलावलं. आधी शपथ मोडली म्हणून ओरडतील, ओरडू देत, असं म्हणत सगळं सांगितलं. कारंजं हललं, पोरीला कुणी हात लावणार नाही. मला वाटलं त्यांचा जीव भांड्यात पडेल. त्यांनी वळून रस्त्याकडे बघितलं.

"रस्त्याच्या बाजूला? तितं खणनार?"

"मग? इथून चांगली बारा पावलं लांब आहे."

 मग अगदी हळू म्हणाले, "मला नक्की ठाऊक नाय गो."

मला आधी कळेचना. मग त्यांनी सांगितलं. थडग्यांचे दगड हलवायच्या दिवशी पिल्लाचा दगड त्यांनी स्वतः उचलला होता. उचलल्यावर तिथे खुंटी ठोकली. मुकादम मागेच उभा होता, तो म्हणाला, ही खुंटी कशाला, इथे काय बांधायचंय? ह्यांना काही सुचेना, उपटून टाकली. मग मनात मोजून ठेवलं, जांभळापासून इतकी पावलं. दुसऱ्या दिवशी ते वरंधला गेले, सासूला बरं नव्हतं म्हणून. दोन दिवसांनी आले तर जांभूळ तोडलेलं, बुंधा उपटलेला, खड्डा बुजवून जमीन सारखी केलेली. कुठे दगड नाही, कुठे झाड नाही. कोथिंबिरीला दोरी लावणारा माणूस, आणि नेमकं हे एवढं त्याच्या हातून सुटलं.

"मग मघाशी हनवटीने दाखवलंत ते काय होतं?"

"तू इचारलंस," ते म्हणाले. "सात वर्सं इचारतेस. मला वाटलं तितंच आसंल. तितं नाय तर जवळपास."

माझ्या तोंडून जे निघालं ते मजुरांनीही ऐकलं असेल, ऐको. "मला सांगितलं असतंत तर?" मी म्हटलं. "त्याच दिवशी मला सांगितलं असतंत, आणून दाखवलं असतंत, तर आज दोघांना ठाऊक असतं. तुम्ही विसरला असतात तर मी नसते विसरले. मी मेले असते तरी नसते विसरले! आईला सांगायचं नाही म्हणे. का नाही? आईएवढं कोण ध्यानात ठेवणार होतं?"

त्यांनी मान खाली घातली. वाद घातला नाही, रीत आहे म्हणाले नाहीत, आईने सांगितलं होतं म्हणाले नाहीत. "चुकलंच," म्हणाले. आमच्या लग्नात हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. माझा राग एकदम कुठे गेला कळलं नाही, हा माणूस इतका एकटा दिसला मला, इतकी वर्षं ते ओझं एकट्याने उचलून उभा असलेला.

वकीलसाहेबांकडे पुन्हा जायची सोय नव्हती. जागा एकदाच बदलणार म्हणाले होते, आणि मी छातीठोक नक्की म्हणून आले होते. पुन्हा जाऊन सांगायचं तरी काय, की आम्हालाच ठाऊक नाही? म्हणजे ती आता रस्त्याकडच्या बाजूला असली तर मीच तिच्यावर कुदळ घालायला सांगून आले होते. 

ह्यांनी एकच गोष्ट केली. मुकादमाला जाऊन सांगितलं, "हौदाला मजूर नकोत. कारंज्याचं काम नाजूक असतं, मी मुंबईला केलंय. मी एकटा खणतो." कुठलं आलंय! मुंबईला त्यांनी कारंज्याला नुसतं पाणी सोडलं होतं. पण मुकादमाला काय, काम झालं म्हणजे झालं. मजूर दुसरीकडे वाटेवर माती टाकायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा ते नव्या गोलात बसून खुरप्याने खणत होते. एवढा मोठा हौद, आणि हातात काय तर खुरपं! ओंजळ ओंजळ माती काढायची, कुंडीची माती चाळायची चाळण होती तिच्यात घालायची, चाळायची, मग टोपलीत टाकायची.  मी लुगडं वर खोचलं, आत उतरले आणि चाळण हातात घेतली.

"तू कशाला," ते म्हणाले.

"तुम्ही खणा," मी म्हटलं. "मी बघते."

काय बघायचं होतं ते आम्ही दोघांनीही तोंडाने म्हटलं नाही. सात वर्षांत त्या मातीत एवढ्याशा जिवाचं काय उरणार, हे कळत होतं. पण तिच्या मनगटावर काळ्या-पांढऱ्या मण्यांच्या मनगट्या होत्या. माझ्या आईने ओवल्या होत्या, दृष्ट लागू नये म्हणून. त्या त्यांनी काढल्या नव्हत्या. ते म्हणाले, गाठ बारीक होती, सोडवायला गेलो तर तिचा हात हलला, मग सोडवली नाही. काच काही कुजत नाही. मणी सापडले तर तिथेच थांबायचं, असं ठरवलं. मग नोकरी जावो, कारंजं जावो, गाव काय बोलायचं ते बोलो.

पाच दिवस आम्ही माती चाळली. चाळणीत मुळं आली, गोगलगायींचे शंख आले, एका बशीचा निळ्या फुलांचा तुकडा आला, हिरवं पडलेलं एक पितळी बटण आलं. काळा खडा दिसला की मी झडप घालायची. थुंकी लावून पुसायची, दगड निघायचा. आणि दगड निघाला की मला बरं वाटायचं आणि वाईटही वाटायचं. सापडावी असंही वाटत होतं, सापडू नये असंही. दुपारी त्या खड्ड्यातच गडग्याच्या सावलीला बसून आम्ही भाकरी खायचो. तेव्हा ते तिच्याबद्दल बोलायचे. सात वर्षं तोंडाला कुलूप लावलेला माणूस बोलायला लागला. ती त्यांचं बोट कशी धरायची. कात्रीचा आवाज आला की कशी डोळे मोठे करून बघायची. मला ठाऊक नव्हतं की ते तिच्यापुढे नुसती कात्री वाजवायचे. मला हे कधी सांगितलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वकीलसाहेब फिरत फिरत आले. काठाशी उभे राहिले. त्यांनी खुरपं बघितलं, चाळण बघितली, माझे मातीने भरलेले हात बघितले. हुशार माणूस. जागा नक्की तीच ना, असं त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही. मुकादमाकडे वळून म्हणाले, "हौदाची घाई करू नका. सावकाश होऊ द्या." आणि गेले. देव त्यांचं भलं करो.

पाचव्या दिवशी तळ लागला, खाली मुरूम आणि कातळ. मणी नाहीत, काही नाही. ह्यांनी खुरपं ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"इथे नाय," ते म्हणाले.

"नाय," मी म्हटलं.

चाळलेली सगळी माती त्यांनी फुलांच्या वाफ्यांना घातली. इतकी मऊ माती महाडात कुणाच्या वाफ्यात नसेल.

पाडव्याला बाग उघडली. गुढी उभारली, भाषण झालं, कारंजं उडालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग गावातली पोरंटोरं आत घुसली. आतापर्यंत ज्या गडग्याकडे बघायलाही घाबरत होती, तिथे आरडाओरडा करत चहूकडे धावायला लागली. वाट बाजूलाच राहिली, नुकत्याच लावलेल्या हिरवळीवरून, जांभळाच्या जागेवरून, चुन्याचा पहिला गोल होता तिथून, सगळीकडून. आमच्या ह्यांच्या अंगाची नुसती लाही झाली. हिरवळीची काडी न् काडी हाताने लावली होती त्यांनी. काठी उचलून ते ओरडले, "ए, वाटेनं चला! लॉनवर पाय देऊ नका!"

मी त्यांचा हात धरला.

"राहू द्या," मी म्हटलं. "सगळीकडे धावू देत. ती कुठे आहे ते आपल्याला ठाऊक नाही. कुठे का असेना, तिच्या जवळून कुणीतरी पोर हसत जाईलच."

त्यांनी काठी खाली ठेवली. मग आम्ही दोघं बाकावर बसलो आणि दिवेलागण होऊन आया हाका मारेपर्यंत त्या पोरांकडे बघत राहिलो.